डोंगर वाचणारा डॉक्टर

धुळे-सोलापूर हायवेवर मांजरसुंब्याचा घाट लागला की बालाघाटचे डोंगर दिसतात. पावसाळ्यात हिरवेगार, एरवी गवत, बोरी-बाभळी आणि सीताफळीची झुडपं. हे डोंगर पहिल्यापासून असेच असणार, असं आपण धरून चालतो. पण ज्या सीताफळाचा आपल्याला अभिमान, तेही मूळचं अमेरिका खंडातलं! डोंगरावरची झाडी बदलत असते. महाराष्ट्रात हा बदल फार लवकर ओळखणारा माणूस म्हणजे डॉ. अलेक्झांडर गिब्सन.

जन्म 1800, स्कॉटलंडचा. डॉक्टर होऊन 1825 मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आले. काम काय, तर दख्खन आणि खानदेशात देवीची लस टोचणं. या भटकंतीत ते मराठी शिकले आणि झाडंही. 1838 मध्ये पुण्याजवळच्या दापोडीची सरकारी बाग त्यांच्याकडे आली. तिथं त्यांनी औषधी वनस्पती लावल्या, एका चित्रकाराकडून झाडांची चित्रं काढून घेतली.

फिरताना त्यांना एक गोष्ट खटकत होती. डोंगर उघडे पडले की माती वाहून जाते, झरे आटतात, कोकणातल्या खाड्या गाळाने भरतात. हे ते सरकारला कळवत राहिले. 1847 मध्ये ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले.

पण कंपनीला झऱ्यांपेक्षा जहाजांसाठी सागवान हवं होतं. पुढे रेल्वे आली, स्लीपरसाठी लाकूड लागू लागलं. बंधनं मात्र डोंगरउतारावर कुमरी शेती करणाऱ्या गरिबांवरही आली. गिब्सन यांच्या कामाची ही दुसरी बाजूही विसरून चालणार नाही.

1860 मध्ये ते निवृत्त झाले. 1861 मध्ये डॅलझेल यांच्यासोबतचा ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ आला. 1867 मध्ये त्यांचं निधन झालं. कुठं काय उगवत होतं, याची तेव्हाची नोंद त्यामुळे आज हाताशी आहे.

बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, गिब्सन यांचा अंमल इथं नव्हता. म्हणून बालाघाटची नोंद आता आपणच ठेवायला हवी. कॉलेजच्या बॉटनी विभागाने एक डोंगर निवडून दरवर्षी तिथली झाडं मोजली, फोटो काढले, तरी सुरुवात होईल. कारण कपिलधारचं पाणी किती दिवस टिकतं, हे फक्त पावसावर नाही, तर वरच्या डोंगरात ते किती मुरतं यावरही ठरतं. दुष्काळी जिल्ह्यात हा विषय फक्त परीक्षेपुरता नाही.