भदंत फा-हियान यांचा परतीचा समुद्रप्रवास

पूज्य भदंत फा-हियान यांचे नाव आपण शाळेतल्या इतिहासात वाचलेले असते. गुप्तकाळात चीनहून आलेले भिक्खू, एवढीच ओळख. चीनमधले विनयपिटक अपुरे होते, म्हणून इ. स. ३९९ मध्ये ते चांगआनहून पायी निघाले. तेव्हा साठीच्या आसपास होते. पाटलिपुत्रात तीन वर्षे राहून संस्कृत शिकले, विनय उतरवून घेतला. पुढे ताम्रलिप्ती आणि मग सिंहलद्वीप. पण ते घरी परत कसे गेले, हे फारसे कुणी सांगत नाही.

सिंहलद्वीपाहून सुमारे ४११ साली ते दोनशेवर माणसांच्या व्यापारी गलबतात बसले. दोन दिवस वारा चांगला होता, मग तुफान सुरू झाले. गलबताला गळती लागली. मागे बांधलेल्या होडीतल्या लोकांनी, सगळे आपल्यावरच येऊन पडतील या भीतीने, दोर कापून टाकला. माल समुद्रात फेकणे सुरू झाले. भदंतांनीही लोटा आणि तोंड धुण्याचे भांडे फेकले. धास्ती एकाच गोष्टीची, व्यापारी आपले ग्रंथ फेकतील. तेरा दिवसांनी एक बेट लागले, तिथे ओहोटीत गळती सापडली, ती बुजवली.

त्या काळी गलबतावर होकायंत्र नव्हते. सूर्य, चंद्र, तारे बघून दिशा धरायची. आभाळ भरले की वारा नेईल तिकडे जायचे. नांगर टाकावा तर तळ लागत नाही, आणि लपलेल्या खडकावर आदळले तर कुणीच वाचणार नाही. नव्वदवर दिवसांनी जावा-सुमात्राकडचे यवद्वीप आले. तिथे पाच महिने मुक्काम पडला.

पुढचे गलबत ग्वांगझौला जाणारे. पन्नास दिवसांची शिधासामग्री घेतलेली. महिनाभराने वादळ झाले, तेव्हा गलबतावरचे ब्राह्मण म्हणू लागले की या श्रमणामुळेच संकट आले, त्याला एखाद्या बेटावर उतरवा. भदंतांचा दानपती आडवा आला. यांना उतरवणार असाल तर मलाही उतरवा, नाहीतर चीनच्या राजाकडे तक्रार करीन, असे त्याने बजावले. तेव्हा कुठे ते गप्प बसले.

आभाळ बरेच दिवस काळेच राहिले आणि तांडेलाचा अंदाज चुकला. सत्तर दिवस उलटले, जमीन दिसेना. स्वयंपाकाला खारे पाणी, प्यायला माणशी दोन मापे गोडे पाणी. मग व्यापाऱ्यांनी साधा हिशेब केला. पन्नास दिवसांची वाट, म्हणजे आपण नक्कीच भरकटलो. नेमके कुठे आहोत कळत नसले, तरी चीनचा किनारा पश्चिमेच्या अंगाला असणार एवढे ठाऊक होते. गलबत वायव्येला वळवले. अनोळखी किनाऱ्यावर असे जाणे धोक्याचेच, पण पाणीच संपत आलेले, करणार काय?

बारा दिवसांनी किनारा लागला. माणूस दिसेना. पण आपल्या चाकवतासारखी रानभाजी भदंतांनी पाहिली आणि ओळखले, हा आपलाच देश. तरी ठिकाण कळेना. कुणी म्हणे ग्वांगझौ यायचे आहे, कुणी म्हणे मागे पडले. होडी खाडीत धाडली, तेव्हा दोन शिकारी भेटले. भदंत दुभाषे झाले. ती जागा निघाली शानतुंगमधली, ग्वांगझौच्या उत्तरेला दीड हजार किलोमीटरहून लांब!

तिथला अधिकारी बौद्ध होता. तो ग्रंथ आणि मूर्ती घ्यायला स्वतः समुद्रकाठी आला. पुढे नानजिंगला भदंतांनी बुद्धभद्रांच्या सोबतीने महासांघिक विनयाचे चिनी भाषांतर केले. ऐंशी ओलांडल्यावर त्यांचे निधन झाले.