पाश्चर आणि खुराड्यातील मृत्यू

सायंकाळी अंगणात दाणे टिपणारी कोंबडी सकाळी मरून पडलेली दिसावी आणि पाहता पाहता सारे खुराडे रिकामे व्हावे, हा अनुभव एकोणिसाव्या शतकातील फ्रान्सच्या खेड्यांना नवा नव्हता. रोगी कोंबडी पंख ओघळून, पिसे फुलवून चेंडूसारखी बसे, तिला गाढ गुंगी येई आणि बहुधा त्याच जागी, आवाजही न करता ती प्राण सोडी. माणसांच्या पटकीशी संबंध नसतानाही या रोगाला ‘कोंबड्यांचा कॉलरा’ असेच नाव पडले होते. त्याचे कारण शोधताना वैद्यकशास्त्राला एक नवी दिशा मिळाली, आणि ती देणारे लुई पाश्चर हे ना डॉक्टर होते, ना पशुवैद्य.

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधील दोल या गावी, कातडी कमावण्याचा व्यवसाय करणाऱ्या कुटुंबात झाला. ते रसायनशास्त्राचे अभ्यासक होते. स्फटिकांच्या अभ्यासाकडून ते आंबण्याच्या क्रियेकडे आणि तेथून सूक्ष्म जंतूंकडे वळले. १८६५ मध्ये त्यांनी रेशमाच्या किड्यांच्या रोगावर काम सुरू केले. १८५९ ते १८६६ या काळात त्यांच्या तीन मुली दगावल्या. त्यांतील दोघींना विषमज्वराने नेले. १८६८ मध्ये पक्षाघाताने त्यांचे डावे अंग कायमचे अधू झाले. रोगाचे कारण शोधणे ही त्यांच्या दृष्टीने केवळ विद्वत्तेची बाब उरली नव्हती.

कोंबड्यांच्या या रोगाचा माग काढणारे पाश्चर हे पहिले नव्हेत. इटलीतील तुरीनचे एदोआर्दो पेरोनचितो यांनी १८७८ मध्ये रोगी कोंबड्यांच्या शरीरातील सूक्ष्म जंतूंचे वर्णन केले होते. तुलूझ येथील पशुवैद्यक महाविद्यालयातील आंरी तुसें यांनी या जंतूंवर पुढे काम केले आणि रोगाचा नमुना पाश्चर यांच्याकडे पाठविला. मात्र जंतू दिसला म्हणजे तोच मृत्यूचे कारण ठरतो असे नाही. दोष रक्तातील एखाद्या विषाचाही असू शकतो.

ही शंका फेडायची तर जंतू शरीराबाहेर वाढविणे आवश्यक होते. इतर जंतूंना मानवणारा यीस्टचा काढा या जंतूला मानवेना. कोंबडीच्याच मांसाच्या रश्श्यातील आंबटपणा घालवून, तो उष्णतेने निर्जंतुक करून वापरला, तेव्हा मात्र तो झपाट्याने वाढला. त्या रश्श्याचा एक थेंब नव्या रश्श्यात, त्यातील थेंब पुन्हा नव्या रश्श्यात, असा क्रम कितीतरी वेळा चालला. मूळ रक्ताचा अंशही उरणार नाही इतका तो विरळ झाला. तरीही शेवटच्या रश्श्याचा थेंब कोंबडीचा जीव घेई. कारण निःसंशय सापडले होते.

रोग पसरण्याचा मार्गही उलगडला. जंतूंचा रस्सा लावलेला पावाचा तुकडा खाऊन कोंबड्या मरत. त्यांच्या विष्ठेत तेच जंतू आढळत आणि त्याच जमिनीवर इतर कोंबड्या दाणे टिपत. गिनीपिगला जंतू टोचल्यास मात्र केवळ गळू होई आणि प्राणी धडधाकट राही. परंतु त्या गळवातील पू शेजारच्या कोंबड्यांचा बळी घेण्यास पुरेसा असे. आजारी पक्षी एकही दिसत नसताना रोग अचानक कोठून येतो, या कोड्याचे एक उत्तर या निरोगी दिसणाऱ्या वाहकात होते.

१८८० मध्ये पाश्चर यांनी फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे आपले निष्कर्ष मांडले. हवेत दीर्घकाळ राहिलेले जंतू क्षीण होतात आणि ते टोचलेल्या कोंबड्या पुढे जहाल जंतूंनाही दाद देत नाहीत, हा त्यांतील सर्वांत मोठा शोध होय. सुटीत विसरून गेलेल्या रश्श्यामुळे तो योगायोगाने लागला, अशी कथा सांगितली जाते. परंतु पुढे अभ्यासकांसाठी खुल्या झालेल्या त्यांच्या प्रयोगवह्यांतून एमिल रू या सहकाऱ्यासह कित्येक महिने केलेले चिवट प्रयोगच दिसतात.

कोंबड्यांची ती लस व्यवहारात फारशी भरवशाची ठरली नाही. मात्र जंतू क्षीण करून लस बनविण्याचे तत्त्व टिकले. १८८१ मध्ये मेंढ्यांच्या काळपुळीवर आणि १८८५ मध्ये पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर पाश्चर यांनी ते यशस्वीपणे पुढे नेले. तुसें १८९० मध्ये, अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी निवर्तले आणि त्यांचे नाव मागे पडले. पाश्चर यांचे निधन २८ सप्टेंबर १८९५ रोजी झाले.

त्या जंतूच्या कुळाला पुढे ‘पाश्चरेला’ हे नाव मिळाले. महाराष्ट्रात पावसाळ्याच्या तोंडावर गाई-म्हशींना घटसर्पाची लस टोचली जाते. तो घटसर्प याच जातीच्या जंतूमुळे होतो. खुराड्यातील मृत्यूंचे खापर हवेवर, पाण्यावर किंवा दैवावर फोडणे तेव्हाही सोपे होते आणि आजही सोपे आहे. राणीखेत, बर्ड फ्लू आणि कॉलरा वरवर पाहता सारखेच भासू शकतात. म्हणून मेलेला पक्षी उकिरड्यावर न फेकता पशुवैद्याकडून त्याची तपासणी करून घेणे, हाच पाश्चर यांच्या त्या रश्श्याच्या थेंबाचा धडा आहे.