श्रद्धा आणि मानसशास्त्र यांच्या सीमेवरचे फादर डिमेलो

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर पहाटे डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देत बसलेल्यांचे आज कोणालाच नवल वाटत नाही. मैदानापासून थोड्याच अंतरावर दादरचे पोर्तुगीज चर्च आहे. ज्या परंपरेचे ते चर्च, त्याच परंपरेतील एका मुंबईकर धर्मगुरूने अर्धशतकापूर्वी प्रार्थनेची सुरुवात श्वासापासून करावयास शिकवले, तेव्हा मात्र ते धाडसच होते. त्यांचे नाव फादर अँथनी डिमेलो.

४ सप्टेंबर १९३१ रोजी मुंबईत एका गोवेकर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९४७ मध्ये ते येशूसंघात दाखल झाले. बार्सिलोनात तत्त्वज्ञान आणि पुण्यात ईश्वरविद्या शिकून १९६१ मध्ये त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. त्यानंतर शिकागोच्या लोयोला विद्यापीठात त्यांनी समुपदेशनाचे शिक्षण घेतले. त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते येथे.

मन दुखावलेल्या माणसाला केवळ प्रार्थना करा, असे सांगून भागत नाही, हे त्यांना उमगले होते. भय, अपराधभाव, दडपलेला राग यांची गाठ सुटली नाही, तर प्रार्थनाही पोकळ होते. या जाणिवेतून सत्तरच्या दशकाच्या आरंभी त्यांनी पुण्यात धर्मगुरू आणि धर्मभगिनींसाठी ‘साधना’ ही समुपदेशन संस्था सुरू केली. पुढे ती लोणावळ्यास गेली. तेथे संत इग्नेशियसची आध्यात्मिक साधना, पाश्चात्त्य गट-उपचार आणि पौर्वात्य ध्यानपद्धती एकाच छताखाली नांदू लागल्या. १९७८ मध्ये आलेल्या ‘साधना’ याच नावाच्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकाचे पुढे अनेक भाषांत अनुवाद झाले.

काळाच्या ओघात त्यांचा भर बदलत गेला. धर्मकल्पनांपेक्षा सजगतेला आणि सिद्धांतांपेक्षा गोष्टींना ते अधिक महत्त्व देऊ लागले. त्यांच्या बोधकथांत सूफी, झेन आणि हिंदू गुरू ख्रिस्ती संतांच्या शेजारी बसतात. २ जून १९८७ रोजी न्यूयॉर्क येथे हृदयविकाराने त्यांचे अकस्मात निधन झाले, तेव्हा ते अवघे ५५ वर्षांचे होते.

वाद पेटला तो त्यानंतर. २४ जून १९९८ रोजी व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक मंडळाने, कार्डिनल रॅत्झिंगर यांच्या स्वाक्षरीने, त्यांच्या लेखनातील काही भूमिका कॅथलिक श्रद्धेशी विसंगत असल्याचे जाहीर केले. सुरुवातीचे लेखन बहुतांशी ख्रिस्ती अध्यात्माच्या चौकटीत बसते, पुढील लेखनात मात्र ईश्वराचे व्यक्तिरूप आणि येशूचे अनन्यत्व पुसट होत जाते, असा त्याचा आशय होता. ज्यांच्यावर आक्षेप होता, त्यांना खुलासा करण्याची संधी उरली नव्हती. त्यांच्या निधनाला तेव्हा ११ वर्षे उलटली होती.

तरीही या आक्षेपाकडे केवळ कर्मठपणा म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. ईश्वर ही मनाचीच एक अवस्था ठरली, तर दुःखात हाक मारावी कोणाला, हा भाविकाचा प्रश्न खराच आहे. उलट, मनाच्या जखमेवर मंत्राखेरीज औषधच नाही असे मानले, तर समुपदेशकाकडे आलेला माणूस रिकाम्या हातानेच परततो, हा फादर डिमेलो यांचा अनुभवही तितकाच खरा. आज सर्वच धर्मांतील समुपदेशक या सीमेवर उभे आहेत. फादर डिमेलो तेथे फार आधी पोहोचले होते आणि त्याची किंमत त्यांच्या पुस्तकांनी मोजली.