आगीचा हिशेबनीस

तारापूरच्या अणुविद्युत केंद्राचा विषय निघाला की लोक सहसा दोनच गोष्टी विचारतात. ते सुरक्षित आहे का, आणि त्यातून वीज किती मिळते? तिसरा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. अणुभट्टीत जेवढी उष्णता निर्माण होते, तिच्यातल्या किती भागाची वीज होते? उत्तर ऐकून माणसे चपापतात. जेमतेम तिसऱ्या हिश्श्याची! बाकीची उष्णता अरबी समुद्राच्या हवाली करावी लागते.

माझी सारी नोकरी वीजकेंद्रांत गेली, आणि तीही यंत्रांच्या कार्यक्षमतेचे मोजमाप करण्यात. लग्नकार्यात, प्रवासात कोणाला हे कळले की ठरलेला शेरा यायचा, की एवढी नासाडी होते म्हणजे आपल्या इंजिनिअर मंडळींना काही येत नाही. वाचकहो, या शेऱ्याला उत्तर द्यायचे तर मला दर वेळी एका फ्रेंच माणसाची गोष्ट सांगावी लागते. तो छत्तिसाव्या वर्षी वारला. हयातीत त्याने एकच छोटे पुस्तक छापले, आणि ते जवळजवळ कोणी वाचले नाही. त्याचे नाव सादी कार्नो.

सादीचा जन्म १ जून १७९६ रोजी पॅरिसमध्ये लक्झेंबर्गच्या धाकट्या राजवाड्यात झाला. वडील लाझार कार्नो हे त्या वेळी फ्रान्सचा कारभार पाहणाऱ्या पाच संचालकांपैकी एक होते. राज्यक्रांतीच्या सैन्याची घडी बसवणारा माणूस म्हणून त्यांचा दबदबा होता. शिवाय ते गणिती होते आणि इंजिनिअरही. त्यांना फारसी कवितेचे प्रेम होते, म्हणून मुलाला त्यांनी शिराझच्या शेख सादींचे नाव दिले. हे नाव आपल्याकडे ‘गुलिस्तान’मुळे ओळखीचे आहे.

धाकटा भाऊ इपोलित याने सादीच्या लहानपणाची एक आठवण लिहून ठेवली आहे. नेपोलियनची पत्नी आणि काही स्त्रिया होडीतून फिरत होत्या. नेपोलियन काठावर उभा राहून होडीजवळ दगड टाकी आणि त्यांच्या कपड्यांवर पाणी उडवी. सगळ्याजणी मनातून चिडलेल्या, पण बोलायची छाती कोणाची? चार वर्षांचा सादी मात्र पुढे झाला, मूठ उगारून त्या सेनापतीला त्याने खडसावले. नेपोलियन खो खो हसला म्हणतात.

सोळाव्या वर्षी सादी पॅरिसच्या नामांकित एकोल पॉलितेक्निकमध्ये दाखल झाला. १८१४ साली शत्रूच्या फौजा पॅरिसच्या वेशीवर आल्या, तेव्हा व्हॅन्सेनजवळ लढायला गेलेल्या विद्यार्थ्यांत तोही होता. पुढे मेत्सच्या लष्करी शाळेतून तो इंजिनिअर अधिकारी होऊन बाहेर पडला. पण तोवर वारे फिरले होते. १८१५ मध्ये नेपोलियन पडला आणि त्याच्या अखेरच्या मंत्रिमंडळात असलेल्या लाझार कार्नोंना देश सोडावा लागला. ते जर्मनीत माग्देबुर्ग येथे राहिले आणि १८२३ साली तिथेच वारले. ज्या आडनावापुढे कालपर्यंत माना झुकत, तेच आता अडचणीचे झाले. सादीच्या वाट्याला किल्ल्यांची मोजणी आणि नकाशे काढण्याची कंटाळवाणी कामे आली. शेवटी त्याने अर्ध्या पगारावर रजा घेतली आणि पॅरिसमध्ये छोट्या घरात राहून अभ्यास सुरू केला. कारखाने पाहावेत, व्याख्याने ऐकावीत, व्हायोलिन वाजवावे, असा त्याचा दिनक्रम होता.

त्याच्या मनात घोळत होते वाफेचे इंजिन. इंग्लंडची भरभराट या इंजिनावर उभी आहे, हे त्याला स्पष्ट दिसत होते. तिथे कॉर्नवॉलच्या तांब्याच्या आणि कथिलाच्या खाणींत साचणारे पाणी इंजिने उपसत. कॉर्नवॉलमध्ये कोळसा नाही, तो समुद्रमार्गे वेल्समधून आणावा लागे. त्यामुळे खाणमालक कोळशाच्या प्रत्येक मापाचा हिशेब ठेवत. एका मापात किती पाणी किती उंच चढले, याचे आकडे १८११ पासून दर महिन्याला छापून येऊ लागले. मालकामालकांत चढाओढ लागली आणि इंजिने भराभर सुधारली. नुसते मोजल्याने केवढा फरक पडतो, याचे हे नामी उदाहरण आहे.

पण सादीला पडलेला प्रश्न या चढाओढीच्या पुढचा होता. सुधारणा करत गेले तर ती कुठवर जाईल? तिला शेवट आहे का? वाफेऐवजी हवा किंवा अल्कोहोलची वाफ वापरली तर त्याच कोळशात जास्त काम होईल का?

उत्तर शोधताना त्याला वडिलांच्या लिखाणाचा आधार मिळाला. लाझार कार्नोंनी पाणचक्कीसारख्या यंत्रांचा अभ्यास केला होता. पाणी चाकावर आदळता कामा नये आणि चाक सोडताना त्यात वेग उरता कामा नये, तरच त्याची सारी ताकद कामी येते, असा त्यांचा निष्कर्ष होता. जे पाणी चाकाच्या बाजूने नुसतेच खाली पडते, ते वाया गेले. मुलाने हाच विचार उष्णतेला लावला. कोयनेचे पाणी उंचावरून खाली येते म्हणून वीज होते. धरण तुडुंब भरले, पण खाली उतारच नसेल तर काय उपयोग? तसेच उष्णतेचे आहे. उष्णता गरम जागेकडून थंड जागेकडे जाते, आणि त्या ‘उतारा’वरच तिच्याकडून काम करून घेता येते. म्हणजे इंजिनाला नुसती भट्टी असून भागत नाही, उष्णता सोडून द्यायला थंड जागाही हवी. जिथे दोन वेगळ्या तापमानांच्या वस्तू एकमेकींना नुसत्याच भिडतात आणि त्यांच्यामध्ये कोणतेही काम घडत नाही, तिथे उतार फुकट गेला असे समजावे.

मग त्याने मनातल्या मनात एक निर्दोष इंजिन रचले. त्यात घर्षण नाही, गळती नाही, फुकटचा उतार नाही. अशा इंजिनापेक्षा सरस इंजिन निघणे शक्य नाही, आणि त्याची मर्यादा फक्त दोन तापमानांवर ठरते, वरच्या आणि खालच्या, हे त्याने सिद्ध केले. आत वाफ भरा की हवा, मर्यादेत फरक पडत नाही.

हे सारे त्याने १८२४ साली एका पुस्तकात मांडले. आगीच्या कार्यशक्तीविषयीचे हे विवेचन त्याने स्वतःच्या खर्चाने छापले, सहाशे प्रती. भाषा मुद्दाम सोपी ठेवली, अवघड गणित तळटीपांत टाकले. विज्ञान अकादमीत पुस्तकाचा परिचय वाचला गेला, एक चांगले परीक्षण आले, आणि नंतर सारे शांत झाले. कारखानदारांना ते शास्त्रीय वाटले असेल, तर शास्त्रज्ञांना कारखान्याचे.

१८३२ चा उन्हाळा. पॅरिसमध्ये पटकीची साथ होती, हजारो माणसे दगावली. सादी आधी स्कार्लेट फीव्हरने आजारी पडला, मग ताप मेंदूत गेला. त्यातून उठतो न उठतो तोच पटकीने त्याला गाठले. २४ ऑगस्ट १८३२ रोजी तो गेला. साथीच्या भीतीने त्याच्या वस्तू आणि बरेचसे कागद जाळण्यात आले. आगीच्या हिशेबात उभे आयुष्य घालवणाऱ्या माणसाचे कागद आगीतच गेले! थोडी टिपणे भावाकडे राहिली. ती १८७८ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा जाणकारांना आश्चर्य वाटले. पुस्तक लिहिताना सादीने त्या काळच्या समजुतीप्रमाणे उष्णता हा न संपणारा द्रव मानला होता. टिपणांत मात्र त्याने ती समजूत सोडलेली दिसते. उष्णता म्हणजे गतीच, तिचे कामात रूपांतर होते, इथवर तो पोहोचला होता आणि किती उष्णतेचे किती काम होते याचा आकडाही त्याने काढला होता. जगाला हे कळायला पुढे दहा-पंधरा वर्षे लागली.

पुस्तक वाचले ते क्लापेरों या दुसऱ्या फ्रेंच इंजिनिअरमुळे. त्याने १८३४ मध्ये सादीचे विचार आलेखांसह पुन्हा मांडले. ते वाचून विल्यम थॉमसन हा वीस वर्षांचा तरुण १८४५ साली पॅरिसमधली पुस्तकांची दुकाने पालथी घालू लागला. दुकानदार त्याच्यापुढे इपोलित कार्नोचे समाजप्रश्नांवरचे पुस्तक ठेवत, सादीचे नाव कोणाला ठाऊक नव्हते. तीन वर्षांनी त्याला एक प्रत मिळाली. हा थॉमसन म्हणजेच पुढचा लॉर्ड केल्विन. त्याने आणि जर्मनीच्या क्लाउझियसने सादीच्या पायावर उष्मागतिकीचे शास्त्र उभे केले.

आता तारापूरला येऊ. तिथली पहिली दोन युनिटे १९६९ साली वीज देऊ लागली. ५४० मेगावॅटची तिसरी व चौथी युनिटे २००५ आणि २००६ मध्ये आली. अशा एका युनिटच्या भट्टीत साधारण १,७५० मेगावॅट उष्णता तयार होते. टर्बाइनला मिळणारी वाफ असते सुमारे २५० अंश सेल्सिअसची, आणि समुद्राच्या पाण्याने थंड होणाऱ्या कंडेन्सरात ती सुमारे ४० अंशांवर येते. केल्विनच्या मापाने हे ५२३ आणि ३१३. सादीचा नियम लावला तर कमाल कार्यक्षमता येते ४० टक्के. प्रत्यक्षात मिळते ३१ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ६० टक्के उष्णता निसर्गच परत मागतो, तिथे कोणाही इंजिनिअरची मात्रा चालत नाही. आमची परीक्षा होते ती उरलेल्या ९ टक्क्यांत. ओलसर वाफ, टर्बाइनमधले घर्षण, पंपांचा खर्च, झडपांची गळती, कंडेन्सरच्या नळ्यांत बसलेला गाळ आणि शिंपले, अशा कितीतरी वाटांनी ते जातात.

हे मोजायचे कसे? भट्टीतली उष्णता थेट मोजणारा काटा नसतो. वाफ बनण्यासाठी आत जाणारे पाणी किती, ते आत जाताना किती गरम होते, वाफ होऊन बाहेर पडताना त्यात उष्णता किती होती, यांच्या वजाबाकीतून हिशेब निघतो. सारी मदार पाण्याच्या मापावर. हे माप पुष्कळ ठिकाणी व्हेंच्युरी नावाच्या चिंचोळ्या होत गेलेल्या नळीने घेतात. वर्षानुवर्षे तिच्यात पुटे चढली की पाणी खऱ्यापेक्षा जास्त वाहते आहे असे दिसते. मग भट्टी पूर्ण ताकदीने चालली आहे असे सारे समजतात आणि प्रत्यक्षात ती थोडी कमीच चालते. अमेरिकेत मापातल्या अशा चुकीसाठी दोन टक्क्यांची मोकळी जागा ठेवण्याचा दंडक होता. ध्वनिलहरींनी प्रवाह मोजणारी नेमकी उपकरणे आली, २००० साली नियम बदलला, आणि अनेक केंद्रांना भट्टीत मोठा फेरफार न करता एक-दीड टक्का जास्त शक्ती वापरण्याची परवानगी मिळाली. हजार मेगावॅटच्या केंद्रात एक टक्का म्हणजे दहा मेगावॅट. हीच कॉर्नवॉलची गोष्ट, दोनशे वर्षांनंतरची.

मात्र सर्वांत मोठी गळती समुद्राकडे होते, असे समजण्यात एक गफलत आहे. समुद्रात जाते ती कोमट उष्णता, जिचा उतार संपत आला आहे. सादीच्या नजरेने पाहिले तर मोठे नुकसान भट्टीतच झालेले असते. युरेनियमच्या गोळीच्या गाभ्यात तापमान हजार अंशांच्या वर जाते, आणि तीच उष्णता तीनशेच्या आतबाहेरच्या पाण्याला नुसती देऊन टाकली जाते. पाणी चाकाच्या बाजूने पडले! असे का करतात? इंधनाच्या गोळ्या झिर्कोनियम मिश्रधातूच्या पातळ नळ्यांत बंद असतात आणि त्या नळ्या शाबूत राहणे ही सुरक्षिततेची पहिली अट आहे. शिवाय पाणी अधिक गरम ठेवायचे तर दाबही वाढवावा लागतो. कोळशाच्या नव्या केंद्रांत वाफ साडेपाचशे-सहाशे अंशांची असते, तिथे कार्यक्षमता चाळीस टक्क्यांच्या घरात जाते. अणुकेंद्रात आपण तेवढा उतार सोडून देतो, तो सुरक्षिततेची किंमत म्हणून. ही किंमत जाणूनबुजून दिलेली आहे. तिला नासाडी म्हणता येणार नाही.

म्हणूनच सगळे नुकसान एकाच खात्यात टाकू नये, असे मला वाटते. काही निसर्गाच्या नियमाने होते, काही आपण विचार करून पत्करतो आणि काही निव्वळ हलगर्जीने होते. पहिल्याबद्दल कोणाला बोल लावायचा नाही आणि तिसऱ्याला क्षमा करायची नाही. सादीने पहिल्या खात्याची रेघ आखून दिली नसती, तर उरलेली दोन वेगळी काढता आली नसती.

ज्या पटकीने तो गेला, ती दूषित पाण्यातून पसरते हे जॉन स्नो या डॉक्टरने लंडनमध्ये १८५४ साली दाखवून दिले. त्यासाठी त्याने केले एवढेच, की कोणत्या पंपाचे पाणी पिणारी किती माणसे दगावली, ते घरोघर जाऊन मोजले. १८३२ मध्ये तो मृत्यू निसर्गाच्या खात्यात पडला होता. बावीस वर्षांनी कळले की तो तिथला नव्हता.