१० हजार रुपये उभे केले, कॅमेरा घेतला ७५० चा : दादासाहेब फाळकेंच्या खरेदीची गोष्ट

मिररलेस कॅमेरा घ्यायचं ठरलं की डोक्याला ताप सुरू होतो. सोनी घ्यावा की फुजीफिल्म? कॅनन की निकॉन? फुल फ्रेम परवडेल का, की छोट्या सेन्सरवर भागवावं? दहा रिव्ह्यू बघून झाले की अकरावा बघावासा वाटतो. शेवटी सगळं बजेट बॉडीवर जातं आणि लेन्सला पैसेच उरत नाहीत.

१९१२ साली मुंबईतले एक गृहस्थ कॅमेरा घ्यायला थेट लंडनला गेले होते. वय ४१. सरकारी नोकरी सोडलेली, छापखान्यातली भागीदारी सुटलेली, घरात बायको-मुलं, आणि विम्याच्या पॉलिसी गहाण. त्या पॉलिसींवर त्यांनी १० हजार रुपये उभे केले होते. एवढे पैसे असताना त्यांनी कॅमेरा घेतला तो ५० पौंडांचा. तेव्हा एका पौंडाला १५ रुपये पडायचे. म्हणजे कॅमेरा झाला ७५० रुपयांचा, हातातल्या पैशांच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी.

हे गृहस्थ म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. भारतीय सिनेमाचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो. 'राजा हरिश्चंद्र'ची गोष्ट शाळेपासून ऐकलेली असते, पण तो सिनेमा ज्या कॅमेऱ्यावर निघाला तो त्यांनी कसा निवडला, हे फारसं कुणी सांगत नाही.

आधी चित्र, मग कॅमेरा

फाळकेंचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान. मुंबईच्या विल्सन कॉलेजात त्यांना शिकवण्याची नोकरी लागली आणि घर मुंबईला आलं. १८८५ मध्ये मुलगा जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. तिथून पुढे बडोद्याचं कलाभवन.

बडोद्यात त्यांनी चित्रकला, मूर्तिकाम आणि वास्तुकला शिकून घेतली. पहिला कॅमेरा हातात आला तो याच काळात, १८९० च्या सुमारास. फोटो काढून थांबायचं हा स्वभाव नव्हता. फोटो धुवायचा कसा, छापायचा कसा, याचेही प्रयोग सुरू झाले. कलाभवनच्या गज्जरांनी हे पाहिलं आणि त्यांना रतलामला पाठवलं. तिथे ते तीन रंगांचे ब्लॉक बनवायला शिकले.

पुढे त्यांनी गोध्र्यात फोटोचा धंदा टाकला. प्लेगच्या साथीत पहिली बायको आणि मूल गेलं, गोध्रा सुटलं. मधल्या काळात नाटकांचे पडदे रंगवले. एका जर्मन जादूगाराकडून जादू शिकले आणि स्वतःचंच नाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने प्रयोगही केले. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी लागली. स्वदेशीच्या चळवळीत तीही सोडली. मग लोणावळ्यात ब्लॉकचं काम, राजा रविवर्म्याच्या छापखान्यासाठी. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणायला जर्मनीची वारी.

वरवर पाहिलं तर हे आयुष्य एका धंद्यातून दुसऱ्यात उड्या मारणारं वाटतं. पण यादी नीट बघा. प्रकाश, रंग, रसायनं, पडदे, हातचलाखी आणि विलायती यंत्रांचे व्यवहार. सिनेमाला लागणारं जवळपास सगळं त्यांच्या हाताखालून गेलं होतं. सिनेमाचा कॅमेरा तेवढा राहिला होता.

दोन सिनेमे आणि गेलेली दृष्टी

१९११ च्या एप्रिलमध्ये फाळके मुलाला घेऊन गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये गेले. प्राण्यांचा सिनेमा होता. नंतर पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन गेले. ईस्टरचे दिवस असल्याने पडद्यावर येशू ख्रिस्ताचं चरित्र सुरू होतं. ते बघता बघता राम आणि कृष्ण पडद्यावर आणायचे, हे त्यांच्या मनाने घेतलं.

दुसरा कुणी असता तर लगेच कॅमेऱ्याच्या मागे लागला असता. फाळकेंनी पुढचे कित्येक महिने नुसतं बघण्यात घालवले. युरोपातून कॅटलॉग आणि पुस्तकं मागवली, सिनेमाचं एक साप्ताहिक लावलं. एक छोटं यंत्र आणि काही रिळं घेतली. रात्री मेणबत्तीच्या उजेडात भिंतीवर चित्रं पाडून बघायची. रोज चार-पाच तास सिनेमा बघायचा. झोप नावालाच.

याची किंमत डोळ्यांनी मोजली. दृष्टी अधू होत गेली आणि काही काळ तर पूर्ण गेली. ज्या माणसाचं पोट डोळ्यांवर चालतं त्याच्यासाठी याहून वाईट काय असणार? डॉक्टर प्रभाकरांनी तीन-चार चष्म्यांच्या मदतीने उपचार केले आणि दिसायला लागलं. फाळके पुन्हा कामाला लागले.

आता पैसा हवा होता. १२ हजारांच्या विमा पॉलिसी गहाण पडल्या, १० हजार हातात आले. यात मदत केली यशवंतराव नाडकर्णी आणि आबासाहेब चिटणीस यांनी. १ फेब्रुवारी १९१२ ला फाळके लंडनच्या बोटीत बसले.

लंडनमधले दोन आठवडे

लंडनला पोहोचून त्यांनी दुकान शोधलं नाही. घरी यायचं त्या 'बायोस्कोप' साप्ताहिकाची पाटी त्यांना पिकॅडिली सर्कसजवळ दिसली आणि ते सरळ संपादकांच्या ऑफिसात गेले. संपादक केबर्न यांनी आधी सावध केलं. इंग्लंडात सिनेमा काढणारे बुडतायत, आणि भारताच्या हवेत हे तंत्र टिकेलच असं नाही. पण समोरचा माणूस हटत नाही म्हटल्यावर त्यांनी त्याला निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याकडे पाठवलं.

हेपवर्थ यांचा वॉल्टनला स्टुडिओ होता. त्यांनी फाळकेंना सगळे विभाग उघडून दाखवले. शूटिंग कसं चालतं, फिल्म धुतात कुठे, छापतात कशी, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. त्यानंतर केबर्न आणि हेपवर्थ या दोघांच्या सल्ल्याने कॅमेरा ठरला, विल्यमसन.

पन्नास पौंडांत काय आलं?

विल्यमसन म्हणजे इंग्लंडचे जेम्स विल्यमसन. स्वतः सिनेमे काढता काढता ते यंत्रं बनवायला लागले होते. त्या काळचा असा कॅमेरा म्हणजे एक लाकडी पेटी. पुढे लेन्स, आत फिल्म, बाजूला हँडल. सेकंदाला साधारण दोन फेरे मारायचे, एका फेऱ्यात आठ चित्रं, म्हणजे सेकंदाला सोळा. मोटर नाही, बॅटरी नाही. हात एका लयीत फिरला नाही तर पडद्यावरचा माणूस धावायला लागणार.

आणि हो, त्यात आरसाही नव्हता. लेन्समधून दिसणारं चित्र फिरत्या आरशावरून डोळ्यापर्यंत पोहोचवणारा सिने कॅमेरा आला तो १९३७ मध्ये, जर्मनीच्या अ‍ॅरी कंपनीचा.

पण खरी गंमत कॅमेऱ्याबरोबर घेतलेल्या सामानात आहे. फाळकेंनी कोडॅकच्या कोऱ्या फिल्मची ऑर्डर दिली आणि पर्फोरेटर घेतला, म्हणजे फिल्मच्या कडांना छिद्रं पाडायचं यंत्र. कोरी फिल्म तेव्हा बिनछिद्राची यायची. छिद्रं नसतील तर ती कॅमेऱ्यात पुढे सरकणारच नाही. कॅमेरा कितीही भारी असो, पर्फोरेटरशिवाय तो नुसता खोका.

म्हणजे फाळकेंनी घेतली ती अख्खी साखळी. फिल्म कुठून येणार, तिला छिद्रं कोण पाडणार, ती धुणार कोण, छापणार कोण. आज ज्याला आपण सिस्टीम म्हणतो ती हीच.

कॅमेरा आला, पण लगेच सिनेमा काढला नाही

१ एप्रिल १९१२ ला फाळके परतले. मे महिन्यात पेट्या आल्या. सोबतच्या आराखड्यावरून त्यांनी चार दिवसांत सगळं जुळवलं. पहिलं शूटिंग आजूबाजूच्या मुलामुलींचं, यंत्र चालतंय की नाही हे बघायला.

पुढची अडचण भांडवलाची. सावकाराला नुसता कॅमेरा दाखवून कोण पैसे देणार? फाळकेंनी कुंडीत वाटाणे पेरले आणि कॅमेरा त्यापुढे लावला. महिनाभर थोडी थोडी चित्रं घेत त्यांनी कोंब फुटण्यापासून वेल होईपर्यंतची वाढ टिपली. मिनिटभराच्या या फिल्मचं नाव 'अंकुराची वाढ'. ती बघून नाडकर्णींनी पैसे पुढे केले. सरस्वतीबाईंचे दागिनेही याच कामी आले.

सरस्वतीबाई या साखळीतली सगळ्यात पक्की कडी. दिवसा युनिटचा स्वयंपाक, रात्री अंधारात बसून फिल्मला छिद्रं पाडायची. फिल्म धुण्याचं कामही त्या शिकल्या. कॅमेरा फिरवायला फाळकेंनी त्र्यंबक तेलंग यांना शिकवून तयार केलं. तारामतीचं काम करायला बाई मिळेना, तेव्हा हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके साडी नेसून उभे राहिले.

सहा महिने २७ दिवसांत 'राजा हरिश्चंद्र' पूर्ण झाला. लांबी ३,७०० फूट. एका फुटात १६ चित्रं बसतात, म्हणजे जवळपास ५९ हजार चित्रं, प्रत्येक हाताने हँडल फिरवून घेतलेलं. ३ मे १९१३ ला तो मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लागला.

तीच फिल्म, जर्मनीतला दुसरा माणूस

फाळके हँडल फिरवत होते त्याच सुमारास जर्मनीत वेट्झलरला ऑस्कर बारनाक नावाचा कारागीर वेगळ्याच खटपटीत होता. त्याला दम्याचा त्रास. काचेच्या प्लेटचे जड कॅमेरे उचलून फिरणं जमेना. त्याने हीच ३५ मिलीमीटरची सिनेमाची फिल्म घेतली, आडवी फिरवली आणि खिशात मावेल असा फोटोचा कॅमेरा बनवला. १९२५ मध्ये तो लायका नावाने बाजारात आला. १९३० पासून त्याची लेन्स बदलता यायला लागली.

बारनाकचं चित्र होतं ३६ बाय २४ मिलीमीटर, आज ज्याला फुल फ्रेम म्हणतात तेच माप. फाळकेंच्या फिल्मवरचं चित्र साधारण २४ बाय १८, म्हणजे आजच्या एपीएस-सी सेन्सरच्या आसपास. ज्या मापाला लहान म्हणून नाकं मुरडली जातात, जवळपास त्याच मापावर भारताचा पहिला कथापट निघालाय.

मग आज कॅमेरा निवडताना काय बघायचं?

समजा भिवंडीजवळच्या कोनमध्ये एखादा पोरगा हळदीचे व्हिडिओ काढतो. कार्यक्रम रात्रीचा, उजेड डीजेच्या दिव्यांचा. महागडी बॉडी आणि सोबत आलेली एफ ३.५ ची किट लेन्स, की मधली बॉडी आणि एफ १.८ ची लेन्स? दुसरी लेन्स पहिलीपेक्षा जवळपास चौपट उजेड आत घेते. त्याच्या कामाला दुसरी जोडीच सरस.

तोच पोरगा उद्या दिवसभर उन्हात क्रिकेटच्या मॅच काढायला लागला तर हिशोब बदलेल. तिथे लांब पल्ल्याची लेन्स लागेल, आणि लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याला ती हलकी आणि स्वस्तात मिळते. म्हणून आधी काम ठरवायचं, मग लेन्स, आणि ती लेन्स ज्या माउंटवर मिळते त्यातली परवडणारी बॉडी. बॅटऱ्या, कार्ड आणि दुरुस्तीची सोय हे आपले पर्फोरेटर. आणि पैसे मोजण्याआधी तो कॅमेरा रोज वापरणाऱ्याच्या शेजारी एक दिवस उभं राहायचं. फाळके त्यासाठी बोटीने लंडनला गेले, आपल्याला कल्याणपर्यंत गेलं तरी पुरतं.

शेवटी सिस्टीमच बदलली

फाळकेंची पुढची वर्षं चढउतारांची. १९१४ मध्ये ते आपले तीन सिनेमे घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथे काम करायचं बोलावणं आलं, ते त्यांनी नाकारलं. मग महायुद्ध सुरू झालं आणि भांडवल आटलं. १९१७ च्या 'लंकादहन'ने पैसा आणला. १९१८ मध्ये हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. भागीदारांशी मात्र वारंवार खटके उडत राहिले.

१९३१ मध्ये 'आलम आरा' आला आणि सिनेमा बोलायला लागला. फाळकेंनी वीस वर्षं घासून तयार केलेली साखळी मूकपटाची होती. त्यांचा 'सेतुबंधन' मूकपट म्हणूनच बनला होता, त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ मध्ये कोल्हापूरला त्यांनी 'गंगावतरण' हा एकमेव पूर्ण बोलपट केला आणि थांबले. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला त्यांचं निधन झालं. हातात फारसा पैसा उरला नव्हता.

कुठलीही सिस्टीम कायमची नसते, हे त्यांच्याच वाट्याला आलं. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात 'राजा हरिश्चंद्र'ची काही रिळं आणि 'कालिया मर्दन'चा बराचसा भाग आजही जपलेला आहे. तो बघणारे मंदाकिनीचा कृष्ण बघतात. कॅमेरा कुठल्या कंपनीचा होता, हे त्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं.