विश्लेषण : बंब, गच्चीवरचा सोलर आणि काउंट रम्फर्ड… पंपाशिवाय गरम पाणी वर कसे चढते?

इगतपुरी तालुक्यातील घोटी परिसरात पावसाळ्याचे चार महिने सूर्यदर्शन दुर्मीळच. गच्चीवरचे सोलर हीटर या काळात नावापुरते उरतात. मग कुठे गीझर सुरू होतो, कुठे चुलीवर हंडा चढतो, तर जुन्या घरांत माळ्यावरचा तांब्याचा बंब खाली येतो. बंब आणि सोलर यांच्यात शतकांचे अंतर वाटते. प्रत्यक्षात दोन्हींचे काम एकाच तत्त्वावर चालते. थंड प्रदेशांतील जुन्या घरांत संपूर्ण घर गरम ठेवणारी गुरुत्वीय तापन व्यवस्थाही याच तत्त्वावर उभी होती. हे तत्त्व म्हणजे अभिसरण. पाण्यातील हे प्रवाह डोळ्यांनी पाहून त्यांचे महत्त्व जगापुढे मांडणारे शास्त्रज्ञ म्हणजे काउंट रम्फर्ड. त्यांचे आयुष्य मात्र एखाद्या हेरकथेला शोभावे असे होते.

गुरुत्वीय तापन व्यवस्था म्हणजे काय?

घराच्या तळघरात बॉयलर, प्रत्येक खोलीत ओतीव लोखंडाचे रेडिएटर, दोन्हींना जोडणारे जाडजूड पाइप आणि सर्वांत वर माळ्यावर एक उघडी टाकी, अशी या व्यवस्थेची रचना असे. पंप नाही, वीज नाही. बॉयलरमध्ये पाणी तापले की ते प्रसरण पावून हलके होते आणि वर चढते. रेडिएटरमध्ये उष्णता देऊन थंड झालेले पाणी जड होऊन दुसऱ्या पाइपने खाली उतरते. आग आहे तोवर हे चक्र सुरू राहते. वाढलेल्या पाण्याला जागा मिळावी म्हणून माळ्यावरची टाकी.

यात जोर किती असतो? ८० अंश सेल्सिअसचे एक लिटर पाणी साधारण ९७२ ग्रॅम भरते, तर ६० अंशांचे ९८३ ग्रॅम. फरक अवघा ११ ग्रॅमचा. सहा मीटर उंचीच्या घरात या फरकातून मिळणारा दाब जेमतेम साडेसहा सेंटीमीटर उंच पाण्याएवढा. एवढ्या नाजूक दाबावर पाणी फिरायचे, तर वाटेत अडथळा नको. म्हणून पाइप जाड ठेवावे लागत. फ्रान्समध्ये बोनमँ यांनी १७७७ मध्ये कोंबडीची अंडी उबवण्यासाठी अशी व्यवस्था वापरली होती. एकोणिसाव्या शतकात ती घरांत रुळली. पुढे विजेचे पंप आले, पाइप बारीक झाले आणि ही पद्धत मागे पडली.

रम्फर्ड कोण होते?

त्यांचे मूळ नाव बेंजामिन थॉम्पसन. जन्म २६ मार्च १७५३ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समधील वोबर्न या गावी, शेतकरी कुटुंबात. तेव्हा तिथे ब्रिटिशांची वसाहत होती. वडील ते तान्हे असतानाच वारले. तेराव्या वर्षी त्यांना सेलम येथे एका व्यापाऱ्याकडे उमेदवारीला ठेवले गेले. आतषबाजीची दारू तयार करताना झालेल्या स्फोटात ते भाजले, पण प्रयोगांची ओढ सुटली नाही. मित्रासोबत पायपीट करून ते हार्वर्डमधील विज्ञानाची व्याख्याने ऐकायला जात.

१७७२ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांनी सारा रोल्फ या श्रीमंत विधवेशी विवाह केला. वयाने त्या बऱ्याच मोठ्या होत्या. या विवाहाने थॉम्पसन यांना थेट गव्हर्नरच्या वर्तुळात नेले आणि ते स्थानिक लष्करी दलात मेजर झाले. १७७४ मध्ये मुलगी झाली. तिचेही नाव सारा.

त्यांना पळून का जावे लागले?

अमेरिकेत स्वातंत्र्याचे वारे वाहत होते आणि थॉम्पसन ब्रिटिशांच्या बाजूचे असल्याचा संशय गावाला होता. १७७४ च्या अखेरीस संतप्त जमाव घरावर चालून येण्याआधीच ते निसटले. पत्नी आणि काही महिन्यांची मुलगी मागे राहिली. पत्नीची भेट पुढे जवळपास झालीच नाही. १७९२ मध्ये तिचे निधन झाले.

गावाचा संशय खरा होता. अदृश्य शाईने लिहिलेले त्यांचे एक पत्र विसाव्या शतकात ब्रिटिश सेनापती गेज यांच्या कागदपत्रांत सापडले. त्यात बंडखोरांच्या तयारीची माहिती होती. ज्ञान असलेला माणूस ते कशासाठी वापरतो, हा प्रश्न त्यांच्या चरित्रात इथूनच सुरू होतो.

१७७६ मध्ये ते लंडनला पोहोचले. मंत्र्यांची मर्जी संपादन केली, बंदुकीच्या दारूवर संशोधन केले आणि १७७९ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १७८४ मध्ये राजाने त्यांना ‘सर’ किताब दिला. त्यानंतर ते बव्हेरियाच्या राज्यकर्त्याच्या सेवेत म्युनिकला गेले.

म्युनिकमध्ये त्यांनी काय केले?

तिथल्या सैनिकांचे कपडे, जेवण आणि राहणीमान सुधारण्याचे काम त्यांच्याकडे आले. कोणते कापड ऊब धरते, याचे त्यांनी पद्धतशीर प्रयोग केले. ऊब कापडापेक्षा त्यात अडकलेल्या हवेमुळे टिकते, हे त्यांनी दाखवले. चिंध्यांचे थर शिवलेली आपली गोधडी उबदार का असते, याचे उत्तर हेच.

१ जानेवारी १७९० रोजी त्यांनी म्युनिकमधील भिकाऱ्यांची धरपकड सुरू केली. त्यांना कार्यशाळेत आणून काम, ऊब आणि अन्न दिले. तिथे सैन्याचे गणवेश तयार होऊ लागले. जव, वाटाणे आणि बटाटे यांचे स्वस्त सूप त्यांनी ठरवून दिले. लोक बटाट्याला नाक मुरडत, म्हणून सुरुवातीला तो ओळखू येणार नाही इतका शिजवला जाई. या योजनेत करुणा होती तशी सक्तीही होती. गरिबांना काय हवे हे त्यांना विचारण्याची गरज थॉम्पसन यांना वाटली नाही. म्युनिकची प्रसिद्ध इंग्लिश गार्डनही त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली.

या सेवेबद्दल त्यांना काउंट ही पदवी मिळाली. नाव निवडताना त्यांनी रम्फर्ड निवडले. ज्या गावातून पळावे लागले, त्या गावाचे हे जुने नाव.

अभिसरणाचे प्रवाह कसे दिसले?

शेकडो लोकांचे जेवण शिजवताना एक गोष्ट त्यांना खटकत होती. पातळ पदार्थ लवकर निवतात, पण घट्ट सूप किंवा सफरचंदाचे सारण बराच वेळ तोंड पोळेल इतके गरम राहते. असे का?

उत्तर योगायोगाने मिळाले. मद्यार्क भरलेला एक मोठा तापमापक त्यांनी निवण्यासाठी खिडकीत ठेवला होता. त्यावर ऊन पडले आणि आतल्या द्रवातील धुळीचे कण चमकू लागले. नळीच्या मधोमध कण वर जात होते आणि कडेने खाली येत होते. द्रव स्वतःच उष्णता घेऊन फिरत होता. घट्ट पदार्थात हे फिरणे अडते, म्हणून उष्णता अडकून राहते. १७९७ मध्ये त्यांनी हे निबंधरूपाने प्रसिद्ध केले.

मात्र इथे त्यांची एक चूकही झाली. द्रवातून वहनाने उष्णता जाऊच शकत नाही, असा टोकाचा निष्कर्ष त्यांनी काढला. पाणी उष्णतेचे मंद वाहक आहे, पण वाहक आहे, हे इतरांनी प्रयोगांनी दाखवून दिले.

तोफेचा प्रयोग काय होता?

उष्णता हा एक अदृश्य द्रव पदार्थ आहे, असे तेव्हा मानले जाई. थोर फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांनी तर मूलद्रव्यांच्या यादीत त्याला स्थान दिले होते. म्युनिकच्या शस्त्रागारात तोफेच्या नळीला छिद्र पाडताना प्रचंड उष्णता निर्माण होते, हे रम्फर्ड यांनी पाहिले. त्यांनी मुद्दाम बोथट हत्यार लावले, भोवती पाणी भरले आणि घोड्यांच्या जोरावर यंत्र फिरवले. अडीच तासांत, कोणत्याही आगीशिवाय, पाणी उकळू लागले. घोडे फिरत राहतील तोवर उष्णता मिळत राहणार होती. जे कधी संपत नाही ते धातूत साठवलेले द्रव्य असू शकत नाही. उष्णता म्हणजे गती, असा त्यांचा निष्कर्ष होता. १७९८ मध्ये तो रॉयल सोसायटीपुढे मांडला गेला. सर्वमान्य व्हायला मात्र आणखी अर्धे शतक लागले.

चूल आणि धुराड्यात त्यांनी काय बदलले?

लंडनच्या घरांत शेकोटीची बरीचशी ऊब धुराड्यातून निघून जाई आणि धूर खोलीत भरे. रम्फर्ड यांनी शेकोटीची खोली कमी केली, बाजूच्या भिंती तिरक्या केल्या आणि धुराड्याचा गळा अरुंद केला. उष्णता खोलीत परावर्तित होऊ लागली आणि धूर वर ओढला जाऊ लागला. स्वयंपाकासाठी त्यांनी बंदिस्त चुली आखल्या. या शोधांचे पेटंट घेणे त्यांनी टाळले. १७९९ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनच्या स्थापनेत त्यांचा मोठा वाटा होता. हम्फ्री डेव्ही यांना तिथे त्यांनीच आणले.

घरात मात्र ऊब का टिकली नाही?

मुलगी सारा त्यांना पुन्हा भेटली ती १७९६ मध्ये, बावीस वर्षांनी. १८०५ मध्ये रम्फर्ड यांनी पॅरिसमध्ये मारी-ॲन यांच्याशी विवाह केला. त्या लाव्हाझिए यांच्या विधवा. ज्यांचा उष्णतेचा सिद्धांत मोडायला निघाले, त्यांच्याच घरात ते राहायला गेले. संसार टिकला नाही. रागाच्या भरात पत्नीने आपल्या फुलझाडांवर उकळते पाणी ओतल्याचे त्यांनी मुलीला कळवले होते. १८०९ मध्ये दोघे विभक्त झाले. २१ ऑगस्ट १८१४ रोजी पॅरिसजवळच्या ओतय येथे रम्फर्ड यांचे निधन झाले. ज्या हार्वर्डमध्ये ते चालत जात, तिथे विज्ञानाच्या अध्यापनासाठी त्यांनी संपत्तीचा वाटा ठेवला होता.

आज याचा उपयोग काय?

बंबाकडे पाहिले तर मधल्या नळीत निखारे आणि भोवती पाणी असते. तापलेले पाणी वर जमते. अनेक बंबांत नरसाळ्यातून ओतलेले गार पाणी तळाशी जाते आणि तेवढेच गरम पाणी वरच्या तोटीतून बाहेर पडते. दोन्ही पाणी लगेच मिसळत नाही, कारण गार पाणी जड असते.

गच्चीवरच्या बिनपंपाच्या सोलरमध्येही हेच घडते. म्हणूनच त्याची टाकी काचनळ्यांच्या किंवा पॅनेलच्या वर असावी लागते. पॅनेलच्या यंत्रात टाकी खाली किंवा बरोबरीने बसवली, तर रात्री प्रवाह उलटा होतो आणि दिवसभर तापलेले पाणी पॅनेलमध्ये जाऊन थंड होते. पाइपला चढ हवा. मध्येच तो वाकून खाली-वर गेला, तर हवेचा बुडबुडा अडकतो आणि फिरणे थांबते. पाणी गरम होत नाही म्हणून यंत्रच बदलण्याआधी टाकीची उंची आणि पाइपचा चढ तपासणे केव्हाही स्वस्त. लिटरमागे काही ग्रॅमच्या फरकावर चालणारे हे यंत्र आहे. छोटीशी चूकही त्याला बंद पाडू शकते.