सिग्नेचरमधल्या फोटोवर क्लिक होतं, त्यामागचा माणूस: व्हॅनिव्हर बुश

ईमेलच्या शेवटी सिग्नेचरमध्ये छोटा लोगो असतो आणि त्यावर टॅप केलं की वेबसाइट उघडते. एक गोष्ट दुसरीला कायमची जोडून ठेवायची ही कल्पना इंटरनेटच्या कितीतरी आधी एका इंजिनिअरने मांडली होती.

व्हॅनिव्हर बुश यांचा जन्म १८९० साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये झाला. एमआयटीत शिकवताना त्यांनी सहकाऱ्यांसोबत डिफरन्शियल अ‍ॅनालायझर बनवला. हे अवघड समीकरणं सोडवणारं, फिरत्या दांड्या आणि चाकांचं यंत्र १९३१ मध्ये तयार झालं.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या हजारो शास्त्रज्ञांचं काम बुश यांच्या हाताखाली चालायचं. अणुबॉम्बच्या कामाची सुरुवातही त्यांच्याच देखरेखीखाली झाली. पण त्यांना चिंता होती वेगळीच. संशोधनाचे ढीग वाढत होते आणि हवा तो कागद वेळेवर सापडत नव्हता. मेंडेलचं आनुवंशिकतेवरचं काम १८६६ मध्ये छापून आलं, तरी १९०० पर्यंत जवळपास कोणाच्या लक्षातच आलं नाही. असं पुन्हा होऊ नये, म्हणून काय करायचं?

जुलै १९४५ मध्ये, हिरोशिमाच्या महिनाभर आधी, त्यांनी 'द अटलांटिक' मासिकात मेमेक्स नावाच्या यंत्राची कल्पना मांडली. टेबलाएवढं यंत्र, आत मायक्रोफिल्म. दोन पानं शेजारी आणायची, बटण दाबायचं की ती कायमची जोडली जाणार. म्हणजे आजची लिंकच की! हा लेख वाचलेल्या डग्लस एंगलबार्ट यांनी पुढे माउस बनवला. मेमेक्स मात्र कधीच बनला नाही. बुश १९७४ मध्ये वारले, तेव्हा वेबला अजून पंधरा-एक वर्षं होती.

आता आपलं काम. कॉम्प्युटरवर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये सिग्नेचर उघडा आणि फोटो टाका. मग फोटो सिलेक्ट करून लिंकच्या बटणाने वेबसाइटचा पत्ता जोडा आणि शेवटी सेव्ह करा. नुसता फोटो टाकला तर तो चित्रच राहतो, जोडणी आपल्यालाच करावी लागते. काही ठिकाणी फोटो आपोआप दिसत नाहीत, म्हणून खाली अक्षरांतही लिंक द्या. मग स्वतःलाच एक मेल पाठवून टॅप करून बघा. पान उघडलं? मग तुमचं काम मेंडेलच्या कागदासारखं हरवणार नाही.